चार एमबीचा समुद्र

रविवारी दुपारी आम्ही दिवाडीला जमतो,
बंद पडलेल्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात.
बाकं इतकी बुटकी
की लॅपटॉपआधी आपलेच गुडघे दिसतात.

'सुकती' कुणाच्या मालकीची नाही.
भरती कधी, ओहोटी कधी, पाणी किती चढणार,
एवढंच सांगते ती,
आणि हे तिला कसं कळतं, तेही
वाचता येईल त्याच्यापुढे उघडं.
फेरीबोटीसारखं आहे: चालत येणाऱ्याला तिकीट नाही,
दोर मात्र धक्क्याला कुणीतरी बांधावा लागतो.

तर संकेतस्थळ नवं करायचं ठरलं.
जुनं बारा वर्षांचं, निळ्यावर पिवळी अक्षरं,
कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन!'
ते ज्याने लावलं
तो आता दुबईत विमा विकतो.
काम माझ्याकडे आलं, कारण
पिवळ्याबद्दल तोंड मी उघडलं होतं.

तीन आठवडे खपले.
आगोंदची पहाट आणली, काठापासून काठापर्यंत,
वर बारीक पांढऱ्या अक्षरांत: 'समुद्राशी जोडलेले'.
याचा अर्थ काय, हे एकानेही विचारलं नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

बटणाचा हिरवा कुठला, यावर दीड तास गेला.
शिवदासला भाताच्या रोपाचा हवा,
संज्योतला शेवाळाचा.
तार्तूहून केटलिन पडद्यात बसलेली, मागे बर्फ.
तिने मांडवी कधी पाहिलेली नाही,
पण मांडवी आमच्याकडे अठरा मिनिटं उशिरा यायची,
ती वेळेवर आणली तिनेच.
बटणाचं तिला काही नव्हतं. ती सफरचंद खात होती.

मग दारात इनासियो.
खाजनाच्या बांधावर, मानशीच्या दाराशी
रात्रीचं जाळं लावतो तो.
काच तडकलेला फोन, रेंजच्या दोन काड्या.
'दाखव गो तुझें नवें.'
पांढरं.
पांढरं.
मधोमध एक गोल, स्वतःभोवती.
'कितें घुंवता हांगा?'
'समुद्र येतोय,' मी म्हटलं.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
खाडी बांधाला टेकून उभी होती,
केव्हाची.

त्याने जुनं उघडलं. पिवळ्यात ५:४०.
मान हलवली, टॉर्च काखेत मारली, गेला.

त्या रात्री मी जुन्या पानाच्या पोटात शिरले,
मोडायचंच होतं, तर निदान वाचून मोडावं.
कंसांच्या गचपणात, यंत्र जी ओळ वाचत नाही
तिथे कुणीतरी लिहून ठेवलेलं:
'आकडा लहान करू नका.
बांधावर चष्मा घेऊन कुणी जात नाही.
लुर्दीन.'

कोण लुर्दीन?
शिवदास म्हणाला, याच शाळेतली टीचर.
संज्योत म्हणाली, छे, ती निराळी,
ही पोस्टात होती, मग स्विंडनला गेली.
केटलिनला तिचं एक जुनं पत्र आठवलं,
त्यात फक्त एप्रिलचे आकडे
आणि खाली: हे मी स्वतः काठी रोवून मोजलेत.

मी पहाट काढली.
नोंदीत लिहिलं: समुद्र काढला.
बर्फातून अंगठा आला लगेच.
मग आकडा ठेवला, हाताच्या पंजाएवढा,
त्याच्याखाली पुढचा, जरा लहान.
लुर्दीनची ओळ उचलून
नव्या कंसांत तशीच ठेवली, अनुस्वारसुद्धा न हलवता.
वजन आता एका फोटोच्या कोपऱ्याइतकंही नाही.

पुढच्या रविवारी इनासियोने उघडलं.
आलं. लगेच आलं.
खूप वेळ बघत राहिला.
'हें पयलींचेंच न्हय?'

मी काही बोलले नाही.
तीन आठवडे, मनात म्हटलं, आणि मला हसू आलं,
आणि ते थांबायच्या आत
शिवदासने हिरव्याचा विषय काढला.